आजोबांचा कमठा, नातवाचे धनुष्य आणि उतारवयातील खांदा

वाचकहो, अकोले तालुक्यातील एका वाडीवरून गेली अनेक वर्षे माझ्याकडे येणारे एक आजोबा आहेत. वय पंचाहत्तरीच्या पुढे, अंगकाठी सडपातळ, मधुमेह जुना. त्यांच्या घरात आढ्याला बांबूचा एक कमठा टांगलेला असे. वडिलांकडून शिकून त्यांनी तो स्वतः तासला होता. शिकारीचे दिवस त्यांच्या तरुणपणीच संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानात बाण सोडण्याचा प्रश्नच उरला नाही. तरीही ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत, तो कमठा खांद्याला लावून ते ताठ चालत, आणि एरवी दिवस कलताना वाडीतल्या मुलांना पेंढ्याच्या भाऱ्यावर नेम धरायला शिकवीत.

चार वर्षांपूर्वी उजवा खांदा दुखतो म्हणून ते आले. मी खांदा तपासला, गोळ्या लिहून दिल्या आणि सहजपणे बोलून गेलो, "बाबा, आता वय झालं. कमठा बंद करा." सोबत आलेल्या सूनबाईंनी माझा शब्द मनोभावे पाळला. कमठा माळ्यावर गेला. त्यापाठोपाठ पाण्याची बादली, लाकडे फोडायची कुऱ्हाड, अंगण झाडायचा खराटा हे सारे एकेक करून त्यांच्या हातून काढून घेण्यात आले. हेतू प्रेमाचाच होता.

सात-आठ महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा सदऱ्याच्या बाहीत हात घालायलाही सूनबाईंची मदत लागत होती. हात खांद्याच्या पातळीपर्यंतही उचलत नव्हता. ते म्हणाले, "डॉक्टर, दुखायचं थांबलं, पण हातच गेला बघा."

त्यांना 'फ्रोझन शोल्डर' म्हणजे आखडलेल्या खांद्याचा विकार झाला होता. मधुमेही व्यक्तींत तो इतरांपेक्षा अधिक आढळतो हे मला ठाऊक होते. दुखऱ्या खांद्याला काही दिवसांची विश्रांती हवी असते; पण अशा रुग्णाला मुदतीशिवाय 'बंद करा' सांगणे आणि पर्यायी व्यायाम न देणे ही माझी चूक होती. आजचा लेख त्या चुकीतून मी जे शिकलो त्याविषयी आहे. त्यात धनुष्याचीच गोष्ट अधिक येईल, कारण शरीराला किती ताण द्यावा हे मला वैद्यकीय पुस्तकांइतकेच एका जुन्या आणि एका नव्या धनुष्याने समजावले.

तीन धनुष्ये, तीन प्रकारचे ताण

आज तिरंदाजीच्या मैदानावर प्रामुख्याने तीन प्रकारची धनुष्ये दिसतात. पहिले साधे सरळ धनुष्य. लाकडाचा किंवा बांबूचा एक लवचीक दांडा आणि दोन टोकांना बांधलेली दोरी, इतकीच त्याची रचना. आपल्याकडचा कमठा या कुळातला आणि इंग्लंडचा प्रसिद्ध 'लाँगबो'ही याच कुळातला. दुसरे 'रिकर्व्ह'. याची टोके पुढच्या बाजूला उलटी वळलेली असतात, त्यामुळे कमी लांबीतही अधिक शक्ती साठते. ऑलिंपिकमध्ये आजवर आपण पाहत आलो ते हेच. तिसरे 'कंपाउंड'. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये याचे पेटंट मिळाले. याच्या दोन्ही टोकांना विहिरीवरच्या कप्पीसारखी चाके असतात. मात्र त्यांचा आस मध्यभागी नसून एका बाजूला सरकवलेला असतो. सारी किमया त्या सरकवलेल्या आसात आहे.

साधे धनुष्य जसजसे ओढावे तसतसे जड होत जाते. दोरी हनुवटीपर्यंत आली की ताण सर्वाधिक असतो आणि नेमक्या त्याच क्षणी नेम धरायचा असतो. पंचवीस पौंडांचे धनुष्य म्हणजे सुमारे अकरा किलोंचा ताण. तो तीन बोटांवर, मनगटावर, खांद्यावर आणि पाठीवर पेलून स्थिर राहायचे.

कंपाउंडचे तसे नाही. ओढताना मध्यावर ताण शिगेला पोहोचतो आणि कप्प्या फिरल्या की एकाएकी उतरतो. हा उतार साधारण ६५ ते ८५ टक्के इतका असतो. म्हणजे चाळीस पौंडांचे, सुमारे अठरा किलो ताणाचे धनुष्य ७५ टक्के उतरले, तर नेम धरताना हाताला केवळ दहा पौंड, साडेचार किलो, पेलावे लागतात. जोडीला भिंग असलेली नेमपट्टी आणि मनगटाला पट्ट्याने बांधायची कळ. बोटांनी दोरी धरण्याचीही गरज नाही.

आमच्या आजोबांचा नातू क्रीडा वसतिगृहात राहून तिरंदाजी शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याने आपले कंपाउंड घरी आणले आणि आजोबांच्या हाती देऊन पाहिले, अर्थात आखडलेला खांदा बराच मोकळा झाल्यानंतर आणि ताण अगदी कमी करून. त्यांचा अभिप्राय मी विसरलेलो नाही. "घाट चढून पठारावर आल्यागत वाटतं. चढ आहे, पण मधेच संपतो." कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या मुलखात आयुष्य काढलेल्या माणसालाच अशी उपमा सुचावी! पुढे मात्र ते म्हणाले, "पण धरून ठेवल्यावर हाताला काही बोलत नाही हे. माझा कमठा बोलतो."

कमठा काय बोलतो?

वाचकहो, हे 'बोलणे' म्हणजे केवळ म्हाताऱ्या माणसाची आठवणींतली ओढ नव्हे. त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे.

साधे धनुष्य ओढताना एक हात पुढे ढकलतो आणि दुसरा मागे ओढतो. पाय जमिनीवर घट्ट रोवावे लागतात, पोटाचे आणि कमरेचे स्नायू धड सावरतात, दोन्ही फरे एकमेकांकडे येतात आणि छाती उघडते. स्नायूंकडून आणि सांध्यांकडून मेंदूला सतत संदेश जात असतात: किती ओढले गेले, कोठे थरथर आहे, तोल कोणत्या पायावर आहे. या संदेशांवरच आपला तोल आणि हालचालींतील नेमकेपणा अवलंबून असतो. वाढत्या वयात पाठीला पोक येते, खांदे पुढे झुकतात आणि फऱ्यांमधले स्नायू दुबळे होतात. धनुष्य ओढताना नेमके हेच स्नायू कामाला लागतात. ताण जितका प्रत्यक्ष, तितके त्याचे 'बोलणे' स्पष्ट.

साध्या धनुष्याची ओढ टिकून राहण्याचे दुसरे कारण म्हणजे ते आपल्या मातीत मिळते आणि आपल्या हाताने घडते. आपल्या जिल्ह्यात भिल्ल समाज प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठाकाठाने वसलेला आहे. अकोल्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी आणि ठाकर बांधव आहेत. भिल्लांच्या कमठ्याची जुन्या नोंदींतली वर्णने वाचली, तर दांडा बांबूचा आणि दोरीही बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची असल्याचे दिसते. एका बेटातून संपूर्ण हत्यार! मोडले तर त्याच बेटातून दुसरे.

नव्या-जुन्याची ही स्पर्धा आजची नाही. १४९० मध्ये मलिक अहमदने नगर वसवले, त्या काळी दख्खनच्या घोडेस्वारांची कमान लाकूड, शिंग आणि जनावरांच्या स्नायूतंतूंचे थर सरसात चिकटवून केलेली असे. आखूड, वेगवान आणि त्या युगाच्या मानाने अत्याधुनिक. पण सरसाला ओल सोसत नाही. घाटघरच्या पावसात त्या कमानीचे काय होईल याची कल्पना करा! डोंगरात बांबूचा कमठाच टिकला, कारण तो त्या हवेला आणि त्या हातांना साजेसा होता. आजही आपल्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये रिकर्व्ह आणि कंपाउंडच्या बरोबरीने 'इंडियन राउंड' हा साध्या लाकडी-बांबूच्या धनुष्याचा स्वतंत्र गट आहे. खेडोपाडीची असंख्य मुले याच धनुष्यावर पहिला बाण सोडतात.

आपल्या भाषेतही धनुष्य मुरलेले आहे. कापूस पिंजणाऱ्याची धनुकली, योगातले धनुरासन, पावसानंतरचे इंद्रधनुष्य. इतकेच काय, ज्या आजारात शरीर कमानीसारखे ताठरते त्याला आपण 'धनुर्वात' म्हणतो. एकलव्याची कथा तर प्रत्येक आजी-आजोबांनी नातवंडांना सांगितलेली असते. वैद्य म्हणून ती कथा ऐकताना माझे लक्ष अंगठ्याकडे जाते. जगात दोरी ओढण्याच्या दोन मोठ्या परंपरा आहेत. मध्य आशियातून आलेल्या घोडेस्वारांच्या परंपरेत दोरी अंगठ्याने ओढत आणि त्यासाठी अंगठ्यात दगडाचे वा हस्तिदंताचे कडे घालत. दुसऱ्या परंपरेत दोरी तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी ओढतात. अंगठ्याचे काम पडत नाही. आजचे रिकर्व्ह तिरंदाज हीच रीत वापरतात.

हे सांगण्याचे कारण असे की उतारवयात अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजणे ही फार साधारण तक्रार आहे. बरणीचे झाकण फिरवताना, चपातीचे पीठ मळताना, किल्ली फिरवताना तो दुखतो. अशा वेळी "हात गेला" असे मानून बसण्यापेक्षा तेच काम दुसऱ्या बोटांनी, दुसऱ्या पकडीने कसे करता येईल हे पाहावे. जाड मुठीचे चमचे आणि लांब दांड्याची किल्ली याच विचारातून आली आहेत.

नव्या धनुष्याने काय दिले?

जुन्याचे गुण सांगताना नव्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली. तिरंदाजीतील भारताचे ते पहिले वैयक्तिक जागतिक विजेतेपद. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत पंधरा बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे घरातल्या चहाच्या कपाच्या तोंडाएवढे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा प्रथमच समावेश होणार आहे.

परंतु माझ्या दृष्टीने नव्या धनुष्याचे खरे मोल पदकांपलीकडचे आहे. ज्यांचे शरीर साथ देत नाही त्यांनाही ते मैदानात आणते. जम्मू-काश्मीरची शीतल देवी जन्मतः दोन्ही हातांविना आहे. ती पायाने धनुष्य पेलते आणि खांदा व जबडा यांच्या साहाय्याने बाण सोडते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये चाकाच्या खुर्चीवरून खेळणाऱ्या राकेश कुमार यांच्यासह तिने मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवले. दोघेही कंपाउंडचे खेळाडू.

या परंपरेचा उगमही एका डॉक्टरच्याच हातून झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात मणक्याला इजा होऊन कमरेखाली लुळे पडलेले सैनिक इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात दाखल होते. त्या काळी अशा रुग्णांना अंथरुणावर पडून राहण्याखेरीज दुसरे भवितव्य नसे. तेथील डॉ. लुडविग गुटमन यांनी त्यांच्यासाठी खेळ हे उपचाराचे साधन केले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या सोळा जणांची स्पर्धा भरवली. खेळ होता तिरंदाजी. याच छोट्याशा स्पर्धेतून पुढे पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली. तेव्हा कंपाउंडचा जन्मही झाला नव्हता, हे ध्यानात घ्या. हातातली धनुष्ये जुन्याच धर्तीची होती. नवी होती ती डॉक्टरची दृष्टी.

आणि वयाचे म्हणाल, तर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या तिरंदाजीचे सुवर्णपदक क्वीनी न्यूअल या त्रेपन्न वर्षांच्या बाईंनी जिंकले होते. साध्या लाकडी धनुष्याने.

अतिताणाची किंमत

साध्या धनुष्याच्या प्रेमापोटी एक धोका मात्र विसरता कामा नये. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे 'मेरी रोझ' नावाचे युद्धनौकेचे जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढण्यात आले. त्यात शंभराहून अधिक लाँगबो सापडले. त्यांतील बहुतेकांचा ताण शंभर पौंडांहून अधिक असावा असा अंदाज आहे. त्याबरोबर खलाशांचे सांगाडेही मिळाले. फऱ्याच्या हाडाचे खांद्यावर येणारे जे टोक वयात येताना जुळून एकसंध होते, ते यांतील अनेक सांगाड्यांत न जुळलेले आढळले. लहानपणापासून अतिजड धनुष्ये ओढल्याचा तो परिणाम असावा असे संशोधकांचे अनुमान आहे.

खांद्याची रचनाच अशी आहे. मोठा चेंडू आणि उथळ बशी. या सांध्याला हाडांपेक्षा स्नायूंचाच आधार अधिक. 'रोटेटर कफ' नावाचे चार स्नायू त्या चेंडूला जागेवर धरून ठेवतात. साठीनंतर त्यांचे कंडरे झिजू लागतात, कधीकधी कोणतीही इजा न होताही फाटतात. म्हणून "मी तरुणपणी ओढत होतो, आताही ओढीन" हा हट्ट घातक आहे. पण ताण अजिबात नको, हेही तितकेच घातक. न वापरलेला स्नायू वृद्धापकाळात झपाट्याने क्षीण होतो आणि न हलवलेला सांधा आखडतो. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व शक्ती यांचे एकत्रित व्यायाम करण्यास सांगते. त्यात चालण्याचा व्यायाम वेगळा. आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी चालतात, प्राणायाम करतात. पण हातांना आणि पाठीला ताण देणारा व्यायाम बहुधा राहून जातो.

काळजीवाहू कुटुंबीयांसाठी

आता मी घरातील मुला-सुनांशी, लेकी-जावयांशी बोलतो. कंपाउंडच्या कप्पीकडून आपण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती ताण पूर्ण नाहीसा करत नाही. जेथे शरीर थकते, त्या ठिकाणापुरता तो उतरवते, आणि नेम मात्र तिरंदाजाकडेच ठेवते.

घरातली साधने आणि मदत अशीच असावी. न्हाणीघरातली धरायची दांडी, आधाराची काठी, उंच केलेले शौचाचे आसन, कानाचे यंत्र ही सारी चांगल्या अर्थाने कप्प्या आहेत. याउलट चालता येत असताना चाकाच्या खुर्चीत बसवणे, हात हलत असताना घास भरवणे, "तुम्ही राहू द्या, मी करते" म्हणून भाजी निवडण्याचे ताटही उचलून नेणे, यात धनुष्यच काढून घेतले जाते. मोठी बादली जड होत असेल तर लहान तांब्याने झाडांना पाणी घालू द्या. पूर्ण अंगण झेपत नसेल तर तुळशीपुरते झाडू द्या. "वेळ लागतो" ही तक्रार रास्त आहे; पण तो वेळ त्यांचा व्यायाम आहे.

आणि हो, ज्या वस्तूत त्यांचे कौशल्य आहे ती वस्तू त्यांना न विचारता माळ्यावर टाकू नका. कोणाचा कमठा असेल, कोणाची वीणा, कोणाचे शिवणयंत्र.

प्रत्यक्ष काय करावे?

ज्येष्ठांनी धनुष्य हाती घ्यावेच असा माझा आग्रह नाही. त्याच हालचालीचा लाभ घरच्या घरी मिळतो.

१. खांदा आखडला असेल तर आधी तो मोकळा करा. डॉक्टरांकडून दुखण्याचे कारण जाणून घ्या आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरुवात करा. पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवणे, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढणे, पाठीमागे पंचा धरून दोन्ही हातांनी वरखाली ओढणे हे नेहमीचे व्यायाम आहेत. खांदा सुटायला महिने लागू शकतात. मधुमेहावर नियंत्रण हवेच.

२. त्यानंतर व्यायामाची रबरी पट्टी घ्या. औषधांच्या व खेळाच्या दुकानांत ती मिळते. सर्वांत सैल पट्टीपासून आरंभ करा. एक हात समोर, दुसरा मागे, कमठा ओढल्याप्रमाणे. फरे जवळ आणा, तीन आकडे मोजा, सावकाश सोडा. आठ ते दहा वेळा. मग हात बदला. तिरंदाज एकाच बाजूने ओढतो, आपण दोन्ही बाजूंनी ओढायचे आहे. उभे राहणे अवघड असेल तर खुर्चीवर बसून करा.

३. श्वास रोखू नका. ओढताना हलके सोडा, सैल करताना घ्या. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब आणि डोळ्यातील दाब दोन्ही वाढतात. उच्च रक्तदाब, काचबिंदू, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि नुकतीच मोतीबिंदूची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज सुरुवात करू नये. पेसमेकर बसवलेल्यांनाही हेच लागू.

४. प्रत्यक्ष धनुष्य ओढायचेच असेल तर हलके घ्या. पूर्ण ओढून पाच आकडे मोजेपर्यंत हात थरथरला, तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे. कंपाउंड असले तरी मधल्या चढाचा ताण खांद्याला सोसावाच लागतो, हे विसरू नका. त्याचाही ताण पेचाने कमी करून घ्यावा.

५. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पुढच्या हातावर दोरीचा फटका बसून मोठे काळे-निळे डाग पडू शकतात. कातडी रक्षक बांधल्याशिवाय बाण सोडू नका.

६. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. धनुष्याची शक्ती बाणात न जाता धनुष्यातच फिरते आणि ते फुटू शकते. लक्ष्याच्या मागे मातीचा बांध असावा आणि मुले नेहमी धनुष्याच्या मागे असावीत.

७. व्यायामानंतरचे हलके दुखणे एक-दोन दिवसांत जाते. रात्री झोपमोड करणारे दुखणे, हात उचलण्याची शक्ती अचानक जाणे ही तपासणीची कारणे आहेत. आणि खांदा किंवा हात दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल तर तो खांद्याचा विकार समजू नका. तत्काळ रुग्णालय गाठा.

पुढे काय झाले?

आजोबांचा खांदा मोकळा व्हायला जवळजवळ दीड वर्ष लागले. आजही हात कानापर्यंत पूर्ण जात नाही आणि तो पूर्ण जाईल असे आश्वासन मी त्यांना देत नाही. आधी भिंत, मग रबरी पट्टी असा क्रम त्यांनी निमूटपणे पाळला. नातवाचे धनुष्य त्यांना आवडले, पण त्यांनी ते पुन्हा मागितले नाही.

गेल्या पावसाळ्यापूर्वी त्यांनी सूनबाईंकडून माळ्यावरचा कमठा काढवून घेतला, ओढून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग बेटातून एक नवा बांबू आणवला आणि अंगणात बसून तो तासायला घेतला. रोज थोडा तासायचा, ओढून पाहायचा, पुन्हा तासायचा. आठवडाभराने कमठा इतका हलका झाला की धाकट्या पणतीलाही तो ओढता येईना असे झाले नाही. दोघे मिळून आता दहा पावलांवरून पेंढ्याच्या भाऱ्यावर बाण सोडतात.

मी विचारले, "बाबा, जुन्या कमठ्याचं काय?"

ते म्हणाले, "तो आहे आढ्याला. त्याला कोण हात लावणार? पण नजरेसमोर आहे."

सूनबाईंनी तो परत आढ्याला टांगला आहे. माळ्यावर नाही. मला त्या दोघांचेही कौतुक वाटते. आणि 'बंद करा' हा शब्द लिहिण्यापूर्वी आता मी रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारतो: हे हलके करून घेता येईल का?